फक्त इथल्यांसाठी

1979 च्या जुलैत आकाशातून स्कायलॅब पडणार आणि ती नेमकी आपल्याच कौलांवर पडणार, अशी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांची खात्री झाली होती. आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात, आता उरलेच किती दिवस म्हणून लोकांनी कोंबड्या कापल्या, वाण्याकडची उधारी बिनधास्त वाढवली. 11 जुलैला ती पडली, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात, तुकड्यातुकड्यांनी. उधारी जागच्या जागी राहिली.

त्या स्कायलॅबचा मुख्य भाग, म्हणजे अंतराळवीर जिथे राहायचे तो, बांधला होता दक्षिण कॅलिफोर्नियात, समुद्रकाठच्या हंटिंग्टन बीच शहरातल्या मॅकडॉनेल डग्लसच्या कारखान्यात. हे मला कळलं तेव्हा मी भलतंच काहीतरी शोधत होतो. व्हिशस सर्कल नावाचा एक बँड. 1978 च्या सुमारास लाँग बीच ते हंटिंग्टन बीच या पट्ट्यात तो उगवला आणि 1980 पर्यंत संपलासुद्धा. वाजवणारी पोरं समुद्रावर, सर्फिंगच्या फळीवर वाढलेली. त्यांचा ड्रमर टॉड बार्न्स तर मिसरूड फुटायच्या वयाचा. जे वाजवायचे त्याला पुढे हार्डकोर पंक हे नाव पक्कं झालं. बँड चालू होता तोवर त्याची एकही रेकॉर्ड निघाली नाही. संगीताच्या इतिहासात त्याची नोंद बहुतेक वेळा एका वाक्यात उरकते, आणि ते वाक्यही संगीताबद्दल नसतं, मारामारीबद्दल असतं.

एका वाक्याच्या बँडसाठी एवढी पानं कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. मला स्वतःला त्या बँडपेक्षा त्याच्या पायाखालच्या वाळूचं कुतूहल जास्त आहे. समुद्रकिनाऱ्यावरची, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घरांतली, उन्हानं केस भुरकट झालेली मुलं एवढी चिडलेली का होती? आणि चिडून नेमकं कशावर हक्क सांगत होती?

आधी त्या शहराकडे पाहावं. 1960 च्या जनगणनेत हंटिंग्टन बीचची वस्ती साडेअकरा हजारांच्या आत होती. 1970 मध्ये ती जवळजवळ 1 लाख 16 हजार झाली. दहा वर्षांत दहापट. 1980 ला 1 लाख 70 हजार. आपल्याकडे वसई-विरारच्या फुगण्याचं नवल वाटणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. शेतं होती तिथे एकसारख्या घरांच्या ओळी उठल्या, आणि त्यांत देशभरातून आलेले अभियंते, वेल्डर, विक्रेते, निवृत्त फौजी राहायला आले. विमानं, क्षेपणास्त्रं आणि अंतराळयानं हा इथला मोठा रोजगार. राजकारण पक्कं रिपब्लिकन. रिचर्ड निक्सन यांचा समुद्रकाठचा बंगला याच ऑरेंज काउंटीत, सॅन क्लेमेंटीला. 1978 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 13 क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर करून घरपट्टीला मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्क्याची वेसण घातली. घरमालक खूश झाले. शाळा, वाचनालयं, सुट्टीतले वर्ग यांच्या पैशाला कात्री लागली. एकूण, आईबापांना घर मिळालं होतं आणि मुलांना रस्त्यावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रस्ता सरळ समुद्राकडे जात होता.

समुद्रावर मात्र कायदा होता, अगदी कडक. सर्फिंगचा सगळ्यात मोठा नियम असा, की फुटणाऱ्या लाटेच्या शिखराला जो सगळ्यात जवळ, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात दुसऱ्यानं फळी घालणं हा गुन्हा. चांगल्या लाटा थोड्या. त्या गटागटानं येतात, मध्ये लांबच लांब खंड पडतो. 1967 नंतर आखूड, हलक्या फळ्या आल्या. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फळी घोट्याला बांधून ठेवणारी दोरी आली. तोवर फळी हातून सुटली की किनाऱ्यापर्यंत पोहत जावं लागायचं. पट्टीच्या पोहणाऱ्याशिवाय कुणी फार आत जात नसे. दोरीनं ती परीक्षाच रद्द केली आणि पाण्यात गर्दी मावेना. मग भिंतींवर रंगानं लिहिलं जाऊ लागलं : फक्त इथल्यांसाठी. परक्याच्या गाडीची काच मेणानं माखायची, टायर फाडायचे, पाण्यातून बाहेर आला की धरून ठोकायचं. या प्रकाराला तिकडे लोकॅलिझम म्हणतात.

मुंबईकराला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही. बोरिवलीला उतरणाऱ्यानं विरार लोकलमध्ये चढू नये, चढलाच तर त्याला दारातली माणसं उतरू देत नाहीत. हा नियम कुठल्याही वेळापत्रकात छापलेला नाही आणि तरी तो सगळ्यांना ठाऊक आहे. दार अडवणाऱ्यांची घरं गिरगाव-परळहून विरारला जाऊन एखादी पिढीच झालेली असते, हेही ठाऊक आहे. हंटिंग्टन बीचच्या धक्क्याखाली उभं राहून 'ही लाट आमची' म्हणणाऱ्या पोराचं कुटुंब त्या शहरात येऊन दहा वर्षं झाली असतील, कदाचित तेवढीही नाहीत. माझ्या मते या गोष्टीची किल्ली इथे आहे. ज्याची मुळं खोल असतात त्याला पाटी लावावी लागत नाही. ही मुलं दहा वर्षांच्या शहरातली भूमिपुत्र होती, आणि आधी लाटेवर, मग संगीतावर त्यांनी तीच पाटी लावली.

त्या किनाऱ्याला संगीत नवं नव्हतं. डिक डेल नावाचा सर्फर गिटारवादक 1961 च्या सुमारास बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये हजारो पोरांना नाचवत होता. वडील लेबनीज वंशाचे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची 'मिसिरलू' ही जुनी चाल त्यानं 1962 मध्ये एकाच तारेवर, उजवा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा चालवत रेकॉर्ड केली. त्याच्या आवाजाला पुरे पडतील असे अॅम्प्लिफायर तेव्हा नव्हतेच. त्यानं ते एकामागून एक जाळले आणि जवळच्याच फुलर्टनमधल्या लिओ फेंडरनं त्याच्यासाठी अधिक दणकट बनवून दिले. मोठ्या आवाजात गिटार वाजवण्याचं जे तंत्र पुढे साऱ्या रॉकनं वापरलं, त्याचा बराचसा भाग एका सर्फरच्या हट्टातून आला आहे. आणि गंमत अशी, की त्याच फुलर्टन परिसरातून वीस वर्षांनी अॅडोलेसन्ट्स, सोशल डिस्टॉर्शन, एजंट ऑरेंज हे पंक बँड निघाले. एजंट ऑरेंजनं तर 'मिसिरलू'च पुन्हा वाजवली. बीच बॉइजना मी या वंशावळीत मुद्दाम धरत नाही. त्यांची गाणी मला आवडतात, पण पाच जणांत खरा सर्फर एकटा डेनिस विल्सन. समुद्राची जाहिरात आणि समुद्र यांत फरक असतो.

पंक लॉस एंजेलिसात आलं ते हॉलिवूडमध्ये. 1977 मध्ये ब्रेंडन मलन यानं एका तळघरात मास्क नावाचा अड्डा उघडला. तिथे जर्म्स, एक्स, वीअर्डोज, स्क्रीमर्स, बॅग्ज असे बँड वाजवत. चित्रकला शिकणारी, समलिंगी, पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीतली, कुठेच न बसणारी माणसं तिथे जमायची. मुली नुसत्या प्रेक्षकांत नव्हत्या, माइकवर होत्या. बॅग्जची अॅलिस बॅग त्यांतली एक. 'स्लॅश' आणि 'फ्लिपसाइड' ही त्यांची नियतकालिकं. साठीच्या आगेमागे सायक्लोस्टाइलवर निघणाऱ्या आपल्या लघुनियतकालिकांत जी घाई आणि जो आगाऊपणा होता, तोच या पानांत आहे; वाचताना 'शब्द' आणि 'असो' आठवल्याशिवाय राहत नाहीत.

किनाऱ्यावरच्या सर्फर पोरांना हे लोक आधी पटलेच नव्हते. लांब केस ठेवून, लेड झेपेलिन ऐकत फिरणारी ही पोरं पंक दिसला की त्याला बदडत. आणि मग वर्ष-दोन वर्षांत त्यांतल्याच अनेकांनी केस कापले, बुटांना साखळ्या आणि रुमाल बांधले आणि स्वतःच पंक झाली. धर्म बदलला, मुठी त्याच होत्या.

संगीतही बदललं. सँटा अॅनाच्या मिडल क्लास या बँडची 'आउट ऑफ व्होग' ही चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड आली. मिनिट-दीड मिनिटाची गाणी, धाप लागेल असा वेग. हर्मोसा बीचच्या ब्लॅक फ्लॅगची 'नर्व्हस ब्रेकडाउन' 1979 च्या सुरुवातीला आली. 22 जुलै 1979 ला, स्कायलॅब पडून अकरा दिवस होताहेत न होताहेत तोच, ब्लॅक फ्लॅगनं मॅनहॅटन बीचच्या पॉलीवॉग पार्कमध्ये रविवारी दुपारी, सहकुटुंब सहलीला आलेल्या लोकांपुढे कार्यक्रम केला. कीथ मॉरिस गात होता, शिव्या देत होता. लोकांनी डब्यातलं होतं नव्हतं ते त्यांच्यावर फेकलं, सँडविच, कलिंगडं. मला हा त्या काळातला सगळ्यात निरागस प्रसंग वाटतो. अजून कलिंगडंच फेकली जात होती.

व्हिशस सर्कल हे त्या निरागसपणाच्या पलीकडचं टोक. गायक जॅक ग्रिशॅम, जन्म 1961 चा, उंचापुरा, देखणा, बोलका आणि त्या वयात धोकादायक. त्यांच्या कार्यक्रमांना गाणी ऐकायला जाणारे होते की नाही, अशी शंका यावी इतक्या त्या आठवणी चाकूंच्या आणि फुटलेल्या डोक्यांच्या आहेत. बँड आणि प्रेक्षक वेगळे नव्हतेच. एकाच किनाऱ्यावरची एक टोळी होती; तिच्यातले काही जण वाद्यं घेऊन थोड्या उंचीवर उभे असत, एवढंच. अखेर प्रकरण इतकं अंगाशी आलं, की ग्रिशॅम काही महिने थेट अलास्काला निघून गेला. बँड तिथेच संपला. वेगळ्या संगीतविचारांमुळे फुटलेले बँड पुष्कळ आहेत. गायकानं उत्तर ध्रुवाच्या दिशेनं पळ काढल्यामुळे बंद पडलेला माझ्या माहितीत हा एकच.

त्या पोरांनी हॉलिवूडच्या नाचाचं काय केलं ते मात्र नीट पाहण्यासारखं आहे. त्याआधीचा पंक नाच म्हणजे पोगो; जागच्या जागी उड्या. किनाऱ्यावरच्या पोरांनी तो आडवा केला. गुडघ्यांत वाकून, हात फेकत, मंचासमोर गोल गोल फिरायचं आणि वाटेत येईल त्याला धडक द्यायची. या चालीला हंटिंग्टन बीचचं नाव पडलं, मग स्लॅम डान्स हे नाव जगभर गेलं. वाकलेले गुडघे, पसरलेले हात. ज्यानं कुणाला फळीवर उभं राहताना पाहिलंय त्याला ही मुद्रा लगेच ओळखू येते. पण फळीवर ती तोल सांभाळण्यासाठी असते. इथे ती समोरच्याचा तोल घालवण्यासाठी होती. मंचासमोरची जागा हीच आता लाट झाली, आणि तिथे फक्त इथल्यांनाच प्रवेश. पहिल्या मागे सरल्या त्या मुली.

हे मी अलिप्तपणे सांगू शकत नाही, आणि सांगावं असंही मला वाटत नाही. या संगीतावर लिहिणारे बरेच पुरुष त्या हाणामारीच्या आठवणी काढताना हळवे होतात. तळघरातल्या त्या पहिल्या गोतावळ्यातली मंडळी पांगली. जर्म्सचा गायक डार्बी क्रॅश 1980 च्या डिसेंबरात गेला. आणि 1981 मध्ये पनेलपी स्फीरिसचा 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' हा माहितीपट आला तोवर लोकांच्या डोळ्यांपुढे पंक म्हणजे टकला, उघडाबंब, चिडलेला गोरा पोरगा हेच चित्र पक्कं झालं होतं. कॉस्टा मेसा इथला कुकूज नेस्ट हा किनाऱ्यावरच्या पोरांचा अड्डाही त्याच वर्षी बंद पडला. त्याला लागूनच झुबीज नावाचं, काऊबॉय पोशाखातल्या लोकांचं ठिकाण होतं. वाहनतळ एकच. दोन्हीकडचे लोक बाहेर पडायची वेळ एकच. पुढचं सांगायला नको.

मग ही सगळी नुसती गुंडगिरीच होती का? तसं असतं तर मी ही प्रस्तावना लिहीत बसलो नसतो. ग्रिशॅम परत आला आणि त्यानं, टॉड बार्न्सनं, गिटारवादक रॉन एमरीनं आणि बासवर माइक रोशनं मिळून टी.एस.ओ.एल. म्हणजे ट्रू साउंड्स ऑफ लिबर्टी हा बँड उभा केला. 1981 मध्ये पॉश बॉय कंपनीनं त्यांची पाच गाण्यांची ईपी काढली. सरकार मोडा, मालमत्ता ही चोरी, असा सरळ राजकीय मजकूर, आणि निक्सनच्या शेजारपाजारच्या पोरांच्या तोंडून. शब्द पाठ केलेले वाटतात, हे मान्य. पण रॉन एमरीचा उजवा हात ऐका; डिक डेलचा नातू शोभतो. त्याच वर्षी 'डान्स विथ मी' आली, लिसा फॅन्चरच्या फ्रंटियर रेकॉर्ड्सकडून. (ज्या चळवळीतून मुली हाकलल्या गेल्या, तिच्या उत्तम रेकॉर्डांपैकी कितीतरी एका बाईनं स्वतःच्या हिमतीवर काढल्या. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.) आता राजकारण गेलं, थडगी आणि प्रेतं आली. ग्रिशॅम चेहऱ्याला पांढरा रंग फासून, कधी बाईचा झगा घालून मंचावर यायला लागला. ज्या टोळीनं 'आमच्यासारखे नसाल तर याद राखा' असा कायदा केला, तिचाच म्होरक्या झग्यात उभा. कुणी हसायची हिंमत केली तर त्याला खाली उतरून ठोकण्याची तयारीही होतीच, म्हणा.

त्यानंतर 'बिनीथ द शॅडोज'मध्ये ते कीबोर्ड घेऊन आले. गती उतरली, सूर आले. मला ती त्यांची सगळ्यात सुंदर रेकॉर्ड वाटते, आणि तिच्यावर त्यांचे जुने चाहते सगळ्यात जास्त रागावले. पाटी लावणाऱ्यांनी शेवटी स्वतःच्याच बँडला दारात अडवलं. 1983 च्या जानेवारीत सनसेट बुलेव्हारवर त्यांच्या कार्यक्रमाच्या वेळी पोलीस आणि प्रेक्षकांत दंगल झाली. त्याच वर्षी ग्रिशॅम आणि बार्न्स बाहेर पडले. नाव मागे राहिलं, नवी माणसं येत गेली. दशक संपेपर्यंत टी.एस.ओ.एल. नावाचा बँड केसाळ हार्ड रॉक वाजवत होता आणि त्यात मूळचा एकही माणूस उरला नव्हता. उलट मूळच्या चौघांना 1991 ची रेकॉर्ड स्वतःची आडनावं एकापुढे एक छापून काढावी लागली, कारण बँडचं नाव दुसऱ्यांच्या हातात होतं. 'इथले' कोण आणि 'परके' कोण, हा प्रश्न शेवटी वकिलांकडे गेला.

टॉड बार्न्स 1999 च्या डिसेंबरात मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेला. वय 34. व्हिशस सर्कलची वर्षं यातून वजा करून पाहा, म्हणजे ड्रमवर किती लहान पोर बसलेलं होतं ते कळेल. ग्रिशॅमनं दारू-ड्रग्ज सोडली, 2003 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरला परत बोलावण्यासाठी झालेल्या त्या गाजलेल्या निवडणुकीत 135 उमेदवारांपैकी एक म्हणून उभा राहिला, आणि आर्नोल्ड श्वार्त्झनेगर निवडून आला.

साधनांबद्दल थोडं. ज्या बँडनं हयातीत रेकॉर्ड काढली नाही, त्याचा इतिहास आठवणींवरच उभा राहतो, आणि आठवणी सांगणारी माणसं तेव्हा एकतर मार देत होती किंवा खात होती. ग्रिशॅमचं आत्मचरित्र 'अॅन अमेरिकन डेमन' 2011 मध्ये आलं. त्यातला निवेदक स्वतःला चक्क सैतान म्हणवतो. युक्ती चतुर आहे. माणसानं केलेलं सैतानाच्या खाती टाकता येतं. त्याच वर्षी अॅलिस बॅगचं 'व्हायलन्स गर्ल' आलं. तिच्या घरात बाप आईला मारायचा; मंचावरचा तिचा आवेश तिथून आला होता. ही दोन पुस्तकं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली, आणि पुढच्या पानांत जिथे जिथे दोघांची साक्ष जुळत नाही तिथे माझा कल अॅलिसकडे झुकलेला दिसेल. तो लपवण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

एक बारीक सूचना उरली. पहिल्या ईपीवर गायक म्हणून जॅक ग्रेगर्स हे नाव आहे, 'डान्स विथ मी'वर अॅलेक्स मॉर्गन, पुढे आणखी वेगळं. हा सगळा ग्रिशॅमच. माणसांना आणि पोलिसांना चकवायची जुनी सवय. पुढच्या प्रकरणांत एकाच माणसाची तीन-चार नावं भेटली तर वाचकांनी ते मुद्रणदोष समजू नयेत.